खेळ कपाटापर्यंत पोचला पाहिजे

ताई, नमस्कार.

मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. नव्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयाची ओळख करून देण्याचं काम माझ्याकडे असतं. आतापर्यंत आम्ही सगळ्यांना सभागृहात बसवून पाऊण तास स्लाइड दाखवायचो आणि मग इमारतीतून एक चक्कर मारून आणायचो. मुलं जांभया द्यायची. यंदा मी हौसेनं मोबाइलवर प्रश्नमंजूषा घेतली. गुण, पडद्यावर क्रमवारी, पहिल्या तिघांना बक्षीस. हॉल दणाणून गेला. मला वाटलं, जमलं! पण महिन्याभरानं त्यातलीच काही मुलं काउंटरपाशी येऊन 'हे पुस्तक कुठं असेल?' म्हणून स्क्रीनशॉट दाखवतात. बरीचशी तर येतच नाहीत. पहिला आलेला मुलगा मला त्यानंतर ग्रंथालयात दिसलेला नाही. आमचे ज्येष्ठ ग्रंथपाल म्हणाले, 'हा पोरखेळ आहे. मुलं विद्यापीठात आलीत, बालवाडीत नाही.' मला वाईट वाटलं आणि उत्तरही सुचलं नाही. पुढच्या वर्षी हे बंद करू का? चालू ठेवायचं तर कोणतं ॲप घेऊ? खर्चाला तरतूद नाही, आम्ही माणसं दोनच, आणि मला प्रोग्रॅमिंग येत नाही.

— एक सहायक ग्रंथपाल

नमस्कार.

आधी तुमचा एक हिशेब दुरुस्त करू या. काउंटरपाशी येऊन स्क्रीनशॉट पुढे करणारी मुलं तुम्ही अपयशाच्या खात्यात टाकलीत. मी ती यशाच्या खात्यात टाकते. त्यांना पुस्तक सापडलं नव्हतं हे खरं, पण 'मला सापडत नाहीये' हे एका अनोळखी माणसाला सांगण्याइतका धीर त्यांना आला होता. मला काळजी वाटली ती तुमच्या त्यापुढच्या चार शब्दांची: 'बरीचशी तर येतच नाहीत.'

ही न येणारी मुलं आळशी असतात, त्यांना वाचनाची गोडी नसते, मोबाइलनं त्यांचं वाटोळं केलंय, असं आपल्या व्यवसायात सर्रास बोललं जातं. मीही बोलले आहे. मग कधीतरी कॉन्स्टन्स मेलन या अमेरिकी ग्रंथपाल-संशोधिकेचा १९८६ सालचा शोधनिबंध हाती आला आणि माझं बोलणं थांबलं. दोन वर्षं, सुमारे ६,००० विद्यार्थ्यांनी ग्रंथालयात शोध घेताना आपल्याला काय वाटलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून दिलं होतं. वर्गामागून वर्ग तपासला, तर ७५ ते ८५ टक्के मुलांनी पहिल्या अनुभवाचं वर्णन भीतीच्या भाषेत केलेलं. जागा केवढी मोठी, काय कुठं आहे ते कळत नाही, सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. याच्या तळाशी तीन समजुती होत्या. बाकीच्यांना हे येतं, मलाच येत नाही. न येणं ही लाजेची गोष्ट आहे. आणि मी विचारलं, तर माझं अज्ञान उघडं पडेल.

ही तिसरी समजूत आपल्या कामाच्या मुळावर येते. विचारायला घाबरणाऱ्या मुलासाठी आपण कितीही सुंदर संदर्भ विभाग उभारला, तरी तो त्याच्या उपयोगाचा नाही.

मी नोकरीत असताना पाहिलेली एक गोष्ट सांगते. एक मुलगी चिठ्ठीवर ५१९.५३ असा वर्गांक, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा आकडा, लिहून संख्याशास्त्राच्या रॅकपाशी उभी होती. ५१९.५ पर्यंत नीट आली. थोडं पुढे ५१९.६ दिसलं. तिनं मनाशी धरलं की त्रेपन्न हे सहाच्या बरंच पुढे असणार, आणि ती उजवीकडे सरकत राहिली. ५१९ संपलं, ५२० सुरू झालं, खगोलशास्त्र आलं. ती परत फिरली आणि पुन्हा पहिल्यापासून पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत आली. दशांशात .५३ हे .६ च्या आधी येतं हे तिला शाळेपासून ठाऊक होतं. पुस्तकाच्या पाठीवरची संख्याही तशीच वाचायची, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी बघतेय हे लक्षात येताच चिठ्ठी मुठीत घेतली आणि निघाली. मी खुर्चीतून उठेपर्यंत ती दाराबाहेर गेली होती.

आता तुमची हॉलमधली प्रश्नमंजूषा आठवा. त्यात बहुधा असं काही विचारलं असेल: दशांश वर्गीकरण पद्धती कोणी काढली? कोणत्या साली? मेल्विल ड्यूई, १८७६. त्या मुलीनं हे बरोबर सांगितलं असतं, वरचा नंबरही पटकावला असता आणि तरीही ५१९.५३ पाशी ती अशीच उभी राहिली असती. प्रश्नमंजूषेनं माहिती विचारली. अडतं ते हाताला आणि पायाला. तुमचा पहिला आलेला मुलगा पुन्हा का आला नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही. त्याला बटण लवकर दाबता येतं एवढंच त्या दिवशी सिद्ध झालं.

वेळेचंही तसंच आहे. कहूटसारख्या प्रश्नमंजूषेच्या ॲपमध्ये जितकं लवकर उत्तर तितके जास्त गुण, अशी सर्वसाधारण रीत असते. वर्गात धडा उजळायला ते छान. पण ग्रंथालयात जे शिकवायचं आहे त्याचा स्वभाव नेमका उलटा. थांबावं, शेजारचं पुस्तक काढून बघावं, शोधशब्द बदलून पाहावा, चुकलो तर एक पाऊल मागे यावं. घड्याळ लावलं की पहिला बळी जातो तो या रेंगाळण्याचा.

बक्षिसाबद्दल मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मधल्या एका बैठकीत कोड्यामागे पैसे दिले, पुढच्या बैठकीत ते बंद केले. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात आपणहून कोडी हाताळण्याचं त्यांचं प्रमाण घटलं. या निष्कर्षावर पुढे मानसशास्त्रज्ञांमध्ये पुष्कळ वाद झाले, अजूनही होतात. पण माझा अनुभव डेसींच्या बाजूनं आहे. आम्हीही एकदा वाचनकक्षाबाहेरच्या पडद्यावर गटांची क्रमवारी लावली होती. दर पाच मिनिटांनी आकडे बदलत. पुढच्या तीन गटांना चेव चढला. तळाशी असलेल्या गटातली चौघं मात्र एकमेकांकडे न बघता एकेक करून सटकली. ज्यांना आपलं अज्ञान उघडं पडण्याची धास्ती होती, त्यांचं अज्ञान मी मोठ्या अक्षरांत पडद्यावर लावलं होतं. त्यानंतर मी क्रमवारी कधीच लावली नाही. तुम्हीही लावू नका. सगळे गट शेवटी पोचले की खेळ संपला, एवढं पुरतं.

म्हणजे बंद करायचं का? मुळीच नाही. खेळात एक असा गुण आहे जो स्लाइडमध्ये नाही, इमारतीच्या चकरेतही नाही: खेळात चुकायला परवानगी असते. कोडं पहिल्या फटक्यात सुटलं नाही म्हणून कुणी शरमत नाही, उलट गंमत वाढते. आणि 'विचारणं' हीच जर खेळाची अट केली, तर विचारल्यानं कुणाचंच अज्ञान उघडं पडत नाही. सगळेच विचारताहेत. मेलन यांनी दाखवलेल्या त्या तिसऱ्या समजुतीवर मला सापडलेला हा एकच इलाज.

आम्ही पुढे केलेला एक खेळ जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला त्यातलं बरंच उचलता येईल. सोळा मुलं, चौघांचे चार गट. सगळ्यांना एकच शब्द दिला: पाणी. पण प्रत्येक गटाच्या मोबाइलवर वेगळा प्रश्न उघडला. एकाला विचारलं, पावसाचं पाणी जमिनीवरून आणि जमिनीखालून कसं फिरतं? दुसऱ्याला, नदीच्या पाण्यावर हक्क कुणाचा? तिसऱ्याला, वस्तीला पाणी पुरवण्याची जबाबदारी कुणी आणि कशी उचलायची? चौथ्याला, पाण्याची टाकी आणि नळ यांची आखणी कशी करायची? उत्तर लिहायचं नव्हतं. आमच्या ऑनलाइन तालिकेत, म्हणजे ओपॅकवर, या प्रश्नाचं पुस्तक शोधायचं, त्याचा वर्गांक टिपायचा, रॅकपर्यंत जायचं आणि तिथं फळीला लावलेल्या कार्डावरचं अक्षर आणायचं.

आमच्याकडे ड्यूई पद्धत होती. पहिला गट गेला ५५१.४८ ला, जलविज्ञानात. दुसरा ३३३.९१ ला, नैसर्गिक साधनसंपत्तीच्या अर्थशास्त्रात. तिसरा ३६३.६१ ला, सार्वजनिक सेवांमध्ये. चौथा ६२८.१ ला, अभियांत्रिकीत. दोन मजले, चार टोकं. कार्डं घेऊन सगळी एका टेबलाशी आली, अक्षरं जुळवायला लागली, आणि एका मुलानं जरा चिडूनच विचारलं, "पण पाणी तर एकच आहे. मग पुस्तकं चार ठिकाणी का ठेवता?"

या प्रश्नासाठी मी तो सगळा घाट घातला होता. वर्गीकरण विषयाच्या नावानं होत नाही, ज्ञानशाखेनुसार होतं. भूशास्त्रज्ञ पाण्याकडे जसा बघतो तसा अर्थशास्त्रज्ञ बघत नाही, म्हणून त्यांची पुस्तकं आपापल्या भावंडांशेजारी बसतात. हे मी वर्षानुवर्षं स्लाइडवर दाखवलं आणि कुणीही मान वर केली नाही. त्या दिवशी ते सांगायला मला दोन मिनिटं लागली आणि सोळाच्या सोळा जण ऐकत होते, कारण प्रश्न त्यांचा होता. मग मी त्यांना तालिकेत 'पाणी' या विषयावर शोध घ्यायला लावला. चारही ठिकाणची पुस्तकं एकाखाली एक आली. रॅक एका वेळी एकच बाजू दाखवतो, तालिका सगळ्या बाजू दाखवते. हे समजलेलं मूल पुढे तालिका आपणहून उघडतं.

दोन-तीन ठेचा मी खाल्ल्या, त्या तुम्ही खाऊ नका. कोड्याचं उत्तर घरी नेता येणाऱ्या पुस्तकात लपवू नका. खेळाच्या आदल्या दिवशी कुणीतरी ते घेऊन जातं. उत्तर फळीवरच्या कार्डावर ठेवा, नाहीतर बाहेर न जाणाऱ्या संदर्भग्रंथात. 'शोधलं तर किती निकाल येतात?' ही संख्या कुलुपाची किल्ली करू नका. नवी पुस्तकं दाखल होतात आणि रातोरात आकडा बदलतो. सगळे गट एकाच ठिकाणाहून सोडू नका. पहिला गट पुस्तक काढून टेबलावर ठेवतो आणि दुसऱ्याला रिकामी फट दिसते. आणि तळमजल्यावर, लोखंडी रॅकांच्या मध्ये मोबाइलला रेंज मिळते का, ते स्वतः उभं राहून बघा. नकाशावर बघून कळत नाही.

आता ॲप. तुम्ही ते पहिल्या रांगेत बसवलंय, मी शेवटच्या रांगेत बसवते. आधी सगळा खेळ कागदावर लिहा, चिठ्ठ्या करा आणि चार मुलांना खेळायला लावा. कागदावर जो खेळ रंगत नाही तो मोबाइलवरही रंगत नाही. फक्त चकचकीत दिसतो.

कागदावर जमला की गूगल फॉर्म घ्या. तो तुम्ही वापरलेलाच असेल. त्यात एकेका टप्प्याचा वेगळा विभाग करता येतो आणि लघुउत्तराच्या प्रश्नाला 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन' लावता येतं. प्रश्न 'रिक्वायर्ड' करून ठेवला की ठरलेलं उत्तर लिहिल्याशिवाय पुढचा विभाग उघडत नाही. झालं तुमचं कुलूप. प्रोग्रॅमिंगचा संबंध नाही. पण त्यात एक छोटीशी जागा असते जिच्याकडे कुणी बघत नाही. उत्तर चुकलं तर कोणता संदेश दाखवायचा, ते तुम्हाला लिहिता येतं. बहुतेक जण तिथं 'चूक! पुन्हा प्रयत्न करा' लिहून मोकळे होतात. माझ्या मते अख्ख्या खेळातली सगळ्यात मोलाची जागा तीच. तिथं लिहा: 'अगदी जवळ आला आहात. ठिपक्यानंतरचे अंक एकेक करून वाचा, .५३ हे .६ च्या आधी येतं. आता डावीकडे बघा.' त्या चिठ्ठीवाल्या मुलीला हे वाक्य त्या क्षणी दिसलं असतं तर ती पुस्तक घेऊन गेली असती. माणूस चुकतो त्याच क्षणी त्याला काय सांगायचं, हे आपण शांतपणे आधी बसून लिहू शकतो. डिजिटल साधनाची खरी कमाई मला यात दिसते. म्हणून चुकांचे संदेश लिहायला खेळ रचण्याइतकाच वेळ द्या. मुलं कुठं कुठं चुकतात ते तुम्हाला काउंटरवर रोज दिसतंच.

गोष्टीसारखा फाटे फुटत जाणारा खेळ करायचा असेल तर ट्वाइन बघा. क्रिस क्लिमास यांनी २००९ मध्ये आणलेलं हे मोफत साधन आहे. चौकटी काढायच्या, त्यात मजकूर लिहायचा, चौकटींना दुवे जोडायचे. शेवटी एकच एचटीएमएल फाइल हाती येते, ती कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. 'निबंध परवा द्यायचा आहे, हाताशी काहीच नाही, आता काय कराल?' असा प्रसंग देऊन पहिलीच वाट थेट इंटरनेटवरच्या पहिल्या दुव्याकडे जाऊ द्या. ती वाट बंद करू नका, चालून बघू द्या. तीन चौकटींनंतर 'लेखक कोण, कधी लिहिलं, हे कुठं प्रसिद्ध झालं?' असं प्राध्यापकांनी विचारलं की मुलं आपणच मागे फिरतात.

क्यूआर कोड लावणार असाल तर एकच सांगणं. छापलेल्या कोडातला पत्ता नंतर बदलता येत नाही. म्हणून तो तालिकेच्या लांबलचक दुव्यावर नेऊ नका. तालिकेची यंत्रणा बदलली की सगळे कोड आंधळे होतात. तो तुमच्या हातातल्या एका साध्या पानावर न्या आणि पुढचा दुवा त्या पानावर द्या.

आणखी एक, आणि ही माझी विनंती समजा. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत, जी पडदावाचकाच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या साधनाच्या, मदतीनं वाचते, अशी मुलं खेळात पहिल्या दिवसापासून धरा. चौघांच्या गटाला एक फोन पुरतो, त्यानं पहिला प्रश्न सुटतो. कोड्यातला मजकूर चित्रात कोंबू नका, मजकूर म्हणूनच लिहा. वरच्या मजल्यावरचा टप्पा लिफ्टनं गाठता येतो का ते बघा. ग्रंथालयाची पहिली ओळखच 'हे तुझ्यासाठी नाही' अशी झाली, तर ती पुसायला फार वर्षं लागतात.

आणि फोन नंबर, ईमेल गोळा करू नका. गटाचं टोपणनाव बास. इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड विद्यापीठात 'लेमनट्री' नावाचा एक उपक्रम होता. पुस्तक घेणं, ग्रंथालयात येणं, ई-साधनं वापरणं यांवर विद्यार्थ्यांना गुण आणि बिल्ले मिळत. मुलं त्यात आपखुशीनं नाव नोंदवत. कल्पना कुणालाही मोहात पाडेल, पण कोण काय वाचतं ही नोंद आपल्याकडे विश्वासानं ठेवलेली असते. तिचे गुण करायचे तर आधी विद्यार्थ्याची स्पष्ट संमती हवी आणि नको म्हणणाऱ्याचं काही बिघडता कामा नये. तुम्ही दोघंच आहात. हे लोढणं सध्या गळ्यात घेऊ नका.

उलट अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयानं केलेला शोधखेळ तुमच्या आवाक्यातला आहे. गटांच्या हातात आयपॉड टच दिले, प्रश्न दिले आणि इमारतीत सोडलं. उत्तरं फोटोंसकट एव्हरनोट या टिपणांच्या ॲपमध्ये टाकायची. कर्मचारी एका जागी बसून ती येतील तशी तपासत. नवं काहीच बनवलं नाही, बाजारात होतं ते वापरलं. आज मुलांच्या खिशात फोन आहेत, म्हणजे तेवढाही खर्च नाही.

कशाचा खेळ करू नये, तेही सांगते. ग्रंथालयाच्या वेळा, दंडाचे नियम, मुदतवाढ कशी घ्यायची, घरून ई-नियतकालिकं कशी उघडायची: हे सगळं एका पानावर स्वच्छ लिहा आणि हातात द्या. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथं आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, वाचकाचा वेळ वाचवा. दोन ओळींत सांगता येणारी गोष्ट कोड्यात लपवून मुलांना वीस मिनिटं पळवलं, तर त्या सूत्राचा अपमान होतो. जे हातानं केल्याशिवाय कळत नाही त्याचाच खेळ करा. वर्गांक वाचणं, शोधशब्द बदलणं, एका पुस्तकाच्या संदर्भसूचीतून दुसऱ्याकडे जाणं, आणि विचारणं.

विचारणं हा शेवटचा टप्पा ठेवा आणि तो पडद्यावर ठेवू नका. आमच्या पाण्याच्या खेळात जुळलेल्या अक्षरांतून निघणारा शब्द होता 'विचाराच'. त्याखाली सूचना: संदर्भ विभागात जा आणि या सत्रात तुम्हाला खरोखर पडलेला एक प्रश्न तिथल्या माणसाला विचारा. गटाचा नाही, प्रत्येकाचा एक. पहिल्या वर्षी मुलं अडखळली. 'काहीही विचारू?' म्हणाली. एकीनं विचारलं, "प्राध्यापक ज्याला जर्नल म्हणतात ते नेमकं काय असतं?" तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनी आपले प्रश्न बदलून तोच विचारला. त्यांनाही ते माहीत नव्हतं, आणि आता ते सांगायला त्यांना भीती वाटत नव्हती.

मोजायचं म्हणाल तर हॉल किती दणाणला ते मोजू नका. मेलन यांनी केलं तेच छोट्या प्रमाणात करा. खेळाआधी एका कोऱ्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहून घ्या: 'ग्रंथालयात काही शोधायचं म्हटलं की मला काय वाटतं?' नाव नको. सहा आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा. आणि काउंटरवर एक वही ठेवून पहिल्या सत्रात किती जणांनी आपणहून प्रश्न विचारले, याच्या रेघा ओढा. रेघा वाढल्या तर खेळ लागू पडला. तुमच्या स्क्रीनशॉटवाल्या मुलांच्या रेघा आजपासूनच ओढा.

आता तुमचे ज्येष्ठ ग्रंथपाल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते तुम्ही त्यांना मोकळेपणानं सांगावं. दर उत्तराला टाळ्या, कार्टूनचे चेहरे, 'शाब्बास!' हे मोठ्या मुलांना कमी लेखणं आहे. विद्यापीठातल्या मुलाला अवघड कोडं देणं हा त्याचा मान आहे. २० मे २०११ च्या रात्री न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या मुख्य इमारतीत ५०० जणांना रात्रभर खेळायला बोलावलं होतं. इमारतीच्या शताब्दीनिमित्त खेळरचनाकार जेन मॅक्गॉनिगल यांनी रचलेला खेळ. मोबाइल घेऊन संग्रहातल्या १०० दुर्मीळ गोष्टी शोधायच्या आणि प्रत्येकीवरून सुचेल ते लिहायचं. त्या लिखाणाचा ग्रंथ तयार झाला आणि तो ग्रंथालयाच्याच संग्रहात गेला. हा प्रसंग त्यांना सांगून बघा.

पण माझा भर त्यावर नाही. इतकी वर्षं रॅकांमध्ये वावरलेल्या माणसाला ठाऊक असतं की मुलं नेमकी कुठल्या वळणावर हरवतात, कुठलं पुस्तक चुकीच्या फळीवर परतून येतं, कुठला प्रश्न दर सत्रात कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. तुमच्या त्या चुकांच्या संदेशांसाठी हे ज्ञान लागणार आहे, आणि ते तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त आहे. कोरी वही घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, "सर, मुलं कुठं अडतात?" ते सांगतील ते जसंच्या तसं उतरवून घ्या. आणि खेळाच्या दिवशी संदर्भ विभागातल्या त्या शेवटच्या खुर्चीवर त्यांनाच बसण्याची विनंती करा.

पहिल्या फेरीला चौघंच मुलं घ्या. सत्र सुरू व्हायच्या आधी, एखाद्या शांत दुपारी. वहीत उतरवलेल्या त्या चौघांच्या पहिल्या पाच चुका मला कळवाल का?